आंब्याच्या हंगामात प्रॉसडी: स्वतःच्या संदेश-सर्व्हरचे परीक्षण

प्रॉसडी हे स्वतःच्या यंत्रावर संदेश-सर्व्हर चालवण्यासाठीचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. देवगड तालुक्यातील आमच्या हापूस बागायतदारांच्या गटाने आंब्याचा एक पूर्ण हंगाम त्याच्यावर काढला. बागेतील तोड, पॅकिंग शेडमध्ये भरलेल्या पेट्या, वाशीच्या घाऊक बाजारात जाणारी गाडी, तिकडून येणारी पट्टी (विक्रीचा हिशोब) आणि मुंबई-पुण्याच्या घरपोच मागण्या यांविषयीची सगळी निरोपानिरोपी त्यावरून झाली. सर्व्हर म्हणून त्याच्याविषयी माझी तक्रार जवळजवळ नाही. त्याच्या भोवती जे उभे करावे लागते, म्हणजे डोमेनच्या (इंटरनेटवरील नावाच्या) नोंदी, त्या नावाची खात्री देणारी प्रमाणपत्रे, सर्व्हर ठेवायची जागा, वीज आणि मुख्य म्हणजे लोकांच्या हातांतील फोन, त्याविषयी मात्र बरेच सांगण्यासारखे आहे. प्रॉसडीची स्तुती करणारे लोक नेमके तेवढेच सांगायचे टाळतात, असे माझे मत झाले आहे.

गरज कशातून निर्माण झाली हे आधी सांगतो, कारण तशी गरज नसेल तर हा खटाटोप कोणी करू नये. आमच्याकडे दर हंगामाला माणसे बदलतात. राखणीला येणारे गुरखे दिवाळीच्या सुमारास येतात आणि पाऊस लागण्यापूर्वी परत जातात. शेडमध्ये आंबा निवडणारी, पेटी भरणारी मुले एका वर्षी असतात आणि पुढच्या वर्षी गोव्यात नोकरीला लागलेली असतात. फोन नंबरावर चालणाऱ्या ॲपमध्ये खाते माणसाचे असते, कामाचे नसते. त्यामुळे शेडचा मुलगा गेला की गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, कोणाच्या पेटीत साका (फळाच्या आतला बिघाड) निघाला आणि कोणाला बदली पेटी द्यायची राहिली आहे, हे सगळे त्याच्या खिशातून बाहेर पडते. आम्हाला ‘शेड’, ‘गाडी’, ‘हिशोब’ अशी कामाच्या नावाची खाती हवी होती, जी आज एकाच्या आणि उद्या दुसऱ्याच्या फोनवर उघडता येतील आणि ज्यांवरील जुना मजकूर गटाकडेच राहील. स्वतःचा सर्व्हर हाच त्यावरचा उपाय आहे असे नाही. पण महिन्याला माणशी शुल्क आकारणाऱ्या कार्यालयीन सेवांचा खर्च तीन महिन्यांच्या हंगामासाठी आमच्या गटाला परवडणारा नव्हता.

प्रॉसडी ज्या नियमांनी बोलतो त्या एक्सएमपीपी प्रोटोकॉलचा जन्म १९९९ सालचा आहे. जेरेमी मिलर यांनी तेव्हा जॅबर या नावाने तो जाहीर केला. २००४ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने त्याला मानकाचे रूप दिले आणि २०११ मध्ये त्या मानकांची सुधारित आवृत्ती निघाली. गूगल टॉक २००५ मध्ये याच प्रोटोकॉलवर सुरू झाले होते, आणि व्हॉट्सॲपचा सर्व्हरही सुरुवातीला ईजॅबर्डी या एर्लँग भाषेतील एक्सएमपीपी सर्व्हरवरच बेतलेला होता. म्हणजे ज्याला आज काही लोक हौशी मंडळींचा उद्योग समजतात, त्याच पायावर मोठ्या कंपन्यांनी इमले चढवले आणि मग दारे आतून लावून घेतली. प्रॉसडीचे काम २००८ पासून सुरू आहे, तो लुआ या छोट्या भाषेत लिहिला आहे, आणि त्याचा परवाना एमआयटीचा असल्यामुळे वापरावर कसलेही बंधन नाही. ०.१२ या आवृत्तीनंतर त्यांनी पुढचे शून्य काढून टाकून २०२५ मध्ये थेट १३.० आणली. डेबियन १३ या लिनक्स प्रणालीत तीच येते आणि मी तीच वापरली.

निवड करताना ईजॅबर्डी आणि मॅट्रिक्स या दुसऱ्या खुल्या प्रोटोकॉलचा सिनॅप्स हा सर्व्हर हे दोन पर्याय समोर होते. ईजॅबर्डी उत्तम आहे, पण हजारो वापरकर्त्यांसाठी बांधलेली वस्तू आमच्यासारख्या तीसेक माणसांच्या गटाला अवजड वाटते. सिनॅप्सची गोष्ट वेगळी आहे. त्याची ॲप्स दिसायला अधिक सफाईदार आहेत, जुना मजकूर नव्या फोनवर आणण्याची सोयही तिथे अधिक विचारपूर्वक केली आहे. परंतु नीट चालवायचे तर पोस्टग्रेस हा डेटाबेस हवा, आणि बाहेरच्या मोठ्या खोल्यांत (गटचर्चांत) कोणी सामील झाले की त्या खोल्यांची सगळी अवस्था आपल्या डिस्कवर साठत जाते. प्रॉसडी आमच्या भाड्याच्या यंत्रावर शंभर मेगाबाइट मेमरीच्या आतच राहिला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा शेडमध्ये माणसाला मान वर करायला फुरसत नसते आणि प्रत्येक पेटीचा फोटो टाकला जातो, तेव्हाही त्याने आवाज केला नाही.

आता जागेविषयी. सर्व्हर घरात ठेवावा, जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर, अशी पहिली इच्छा प्रत्येकाची असते आणि कोकणात ती दोन कारणांनी मोडते. पहिले कारण असे की, घरगुती फायबर किंवा फोरजी जोडणीला बहुतेक वेळा स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता (बाहेरून थेट पोहोचता येईल असा इंटरनेटवरील पत्ता) मिळत नाही. सेवा देणारी कंपनी अनेक घरांना एकाच पत्त्यामागे बसवते आणि मग राउटरवर पोर्ट (येण्याजाण्याची क्रमांकित दारे) कितीही उघडले तरी बाहेरून कोणी आत पोहोचत नाही. स्थिर पत्ता वेगळे पैसे भरून मागता येतो, पण तो प्रत्येक गावात मिळेलच असे नाही. दुसरे कारण विजेचे. मृगाच्या पहिल्या वाऱ्यात एखादी फांदी तारेवर आली की दुपारी गेलेली वीज रात्री येते, आणि अचानक बंद पडणाऱ्या यंत्रातील एसडी कार्ड हा पहिला बळी असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले तेव्हा सिंधुदुर्गातील कित्येक गावे दिवसच्या दिवस विजेविना होती. अशा वेळी घरातील सर्व्हर जिवंत ठेवून काही उपयोग नसतो, कारण टॉवरही बंद असतात. तरीही घरच्या सर्व्हरच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. इन्व्हर्टरवर राउटर चालू असेल तर बाहेरची लाइन तुटली तरी शेड, गोदाम आणि घर यांच्यात स्थानिक वायफायवरून निरोप चालू राहतात. त्यासाठी राउटरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) आपल्या डोमेनचा घरातील पत्ता वेगळा द्यावा लागतो. एकाच आवारात सगळे काम असलेल्या कारखान्याला हे उपयोगी पडेल. आमच्या बागा पडेलपासून कुणकेश्वरपर्यंत पसरलेल्या असल्यामुळे आम्ही मुंबईतील डेटासेंटरमधील एक लहान यंत्र भाड्याने घेतले. महिन्याला पाचशे रुपयांच्या आसपास असे यंत्र मिळते, आणि आमच्या गरजेच्या मानाने तेही मोठेच ठरले.

प्रॉसडी बसवणे ही एका आज्ञेची गोष्ट आहे. त्यानंतर जे काही करायचे ते एकाच फाइलमध्ये करायचे असते, आणि ही फाइल प्रॉसडीचे सर्वांत मोठे सामर्थ्य आहे असे मला वाटते. वरच्या भागात मॉड्यूलांची (जोड-सोयींची) यादी, प्रत्येकासमोर ते काय करते हे एका ओळीत सांगितलेले. जे नको ते दोन आडव्या रेघा मारून झाकायचे, जे हवे त्यावरच्या रेघा पुसायच्या. खाली आपल्या डोमेनचे नाव, त्याखाली गटचर्चांसाठी एक घटक आणि फोटोंसाठी एक घटक. एवढ्यावर सर्व्हर उभा राहतो. ही फाइल म्हणजे खरी लुआ भाषेतील संहिताच असल्याने एखादे अवतरणचिन्ह सुटले तर सर्व्हर सुरू होत नाही, पण तो कोणत्या ओळीवर अडला हे स्पष्ट सांगतो. प्रॉसडीसीटीएल या सोबतच्या साधनातील ‘चेक’ ही आज्ञा तर स्वतंत्र कौतुकास पात्र आहे. ती मांडणी तपासते, डीएनएसच्या नोंदी तपासते, प्रमाणपत्रांची मुदत तपासते, आणि बाहेरून आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येते का हेही पाहून येते. चूक सापडली की ती कशी दुरुस्त करावी याचे वाक्यही बहुधा सोबत असते. इतर सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये नोंदवहीची पाने चाळून जे शोधावे लागते ते इथे समोर मांडून मिळते.

अडचण सुरू होते ती प्रमाणपत्रांपाशी, आणि या विषयावर जरा थांबून लिहिणे भाग आहे, कारण स्वतःची वेबसाइट आधीपासून असलेल्या प्रत्येक लहान व्यवसायाला ती भेटणार आहे. आमच्या गटाचे डोमेन जुने आहे आणि त्यावरील वेबसाइट दुसऱ्याच ठिकाणी चालते. खात्यांचे पत्ते मात्र त्याच डोमेनचे हवेत, उपडोमेनचे नकोत, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. एक्सएमपीपीमध्ये हे शक्य आहे: एसआरव्ही नावाच्या डीएनएस नोंदीत आपल्या डोमेनसाठीची संदेशसेवा अमुक यंत्रावर ५२२२ या पोर्टवर मिळेल असे लिहायचे, की ॲप आपोआप तिकडे जाते आणि वेबसाइटला धक्का लागत नाही. परंतु ॲप जे प्रमाणपत्र पडताळते ते यंत्राच्या नावाचे नव्हे, मूळ डोमेनच्या नावाचे. मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टकडून ते नेहमीच्या पद्धतीने घ्यायला गेले तर ती संस्था ८० क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन खातरजमा करते आणि तिथे तिला वेबसाइटचे यंत्र भेटते, आपला संदेश-सर्व्हर नव्हे. त्यामुळे खातरजमा डीएनएसमधून करून घ्यावी लागते, म्हणजे प्रत्येक नूतनीकरणाला डोमेनच्या नोंदींत एक तात्पुरती ओळ लिहिली जायला हवी, आणि हे आपोआप व्हायचे तर डोमेन ज्यांच्याकडे आहे त्या कंपनीने त्यासाठी एपीआय (प्रोग्रामला नोंदी बदलू देणारा मार्ग) दिलेला असला पाहिजे. आमचे डोमेन जिथे नोंदले होते तिथे ती सोय नव्हती आणि मदतकक्षाला प्रश्नच समजला नाही. शेवटी नोंदींची व्यवस्था दुसरीकडे हलवली आणि मग काम सुरळीत झाले. गटचर्चा आणि फोटो यांच्या उपडोमेनांसाठीही प्रमाणपत्र लागते, तेही याच वेळी मागून घ्यावे. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते आणि त्याचे नूतनीकरण झाल्यावर ते प्रॉसडीच्या फोल्डरमध्ये आणून टाकण्याची आज्ञा सर्टबॉट या प्रमाणपत्रे आणणाऱ्या साधनाला जोडून द्यावी लागते. ती जोडली नाही तर नवे प्रमाणपत्र यंत्रावर असूनही सर्व्हर जुनेच दाखवत राहतो, आणि एके दिवशी सकाळी सगळ्यांचे फोन एकाच वेळी तक्रार करतात. प्रॉसडीच्या दस्तऐवजांत हे सगळे आहे, पण चार वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले आहे.

जुना मजकूर जपण्याची व्यवस्था हे आमच्या निवडीचे मूळ कारण होते, म्हणून तिच्याकडे बारकाईने पाहिले. संदेशांचा साठा ठेवणारे मॉड्यूल सोबतच येते, पण मजकूर ठेवण्याची मूळ मुदत केवळ १ आठवडा आहे. गटचर्चांचीही तीच, आणि ती वेगळी बदलावी लागते. खाजगीपणाच्या दृष्टीने ही मुदत योग्यच म्हणायला हवी. व्यापाराच्या दृष्टीने ती निरुपयोगी आहे, कारण वाशीची पट्टी कित्येकदा माल गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी येते आणि तेव्हाच अमुक गाडीत पाच डझनी पेट्या किती आणि सहा डझनी किती हा वाद उभा राहतो. आम्ही मुदत १ वर्षाची केली. साठा मुळात साध्या फाइलींत ठेवला जातो. एवढा काळ ठेवायचा असेल तर एसक्यूलाइट या एका फाइलीच्या डेटाबेसवर न्यावा, त्यासाठी मांडणीत दोन ओळी पुरतात आणि रोजच्या बॅकअपसाठी एकच फाइल उचलावी लागते. फोटोंची मर्यादा मुळात १० मेगाबाइटची आणि मुदत तीही १ आठवड्याची असते. आंब्याच्या फोटोंना एवढी मर्यादा भरपूर झाली. पेटीवर डाग पडलेल्या फळांचे चलचित्र काढून पाठवण्याची हौस असलेल्या एका बागायतदारांना ती अपुरी वाटते, पण ती हौस थोडी आवरली गेली याचे बाकीच्यांना वाईट वाटले नाही.

फोनवरचे ॲप हा या परीक्षणातील खरा कसोटीचा भाग. प्रॉसडी स्वतः ॲप देत नाही. अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स, आयफोनवर मोनल आणि शेडमधील विंडोज संगणकावर गाजिम असा संच आम्ही ठेवला. कॉन्व्हर्सेशन्स प्ले स्टोअरवर विकत मिळते, एफड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या भांडारातून तेच मोफत घेता येते. ॲप नेटके आहे, फोन नंबर मागत नाही, संपर्कयादी कोणाला पाठवत नाही, आणि कातळावरच्या बागेत नेटवर्क येत-जात असतानाही निरोप हरवू देत नाही. हे शेवटचे श्रेय सर्व्हरचेही आहे. जोडणी तुटली तरी प्रॉसडी काही काळ ती धरून ठेवतो, पोच न मिळालेले निरोप बाजूला ठेवतो, आणि फोन परत आला की जिथे सुटले तिथून पुढे सुरू करतो. सड्यावरून खाली उतरताना फोन टॉवर बदलतो तेव्हा हे रोज घडते, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

लक्षात येते ते फोन बनवणाऱ्यांचे बॅटरी-प्रेम. कॉन्व्हर्सेशन्स स्वतःची जोडणी सतत उघडी ठेवते, आणि स्वस्त अँड्रॉइड फोनांपैकी कित्येकांत अशी ॲप्स पडदा काळा होताच बंद केली जातात. परिणाम असा की गाडीवाल्याला ‘शेडमध्ये ये’ हा निरोप तो स्वतःहून फोन उघडून पाहतो तेव्हाच दिसतो. त्यावर इलाज आहे: बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून ॲपला सूट द्यायची, ऑटोस्टार्ट चालू करायचा, आणि काही फोनांत अलीकडच्या ॲप्सच्या यादीत त्याला कुलूप लावायचे. पण प्रत्येक कंपनीने ही बटणे वेगळ्या खोलीत लपवली आहेत, आणि सिस्टीम अपडेट आले की काही फोन केलेली सूट विसरतात. हंगामाच्या सुरुवातीला माणसागणिक फोन हातात घेऊन ही मांडणी करून द्यावी लागते. ‘ॲप टाका आणि खाते उघडा’ एवढ्या सूचनेवर काम भागेल असे समजणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. आयफोनची तऱ्हा वेगळी. तिथे पार्श्वभूमीत जोडणी उघडी ठेवताच येत नाही, म्हणून मोनलला सूचना ॲपलच्या यंत्रणेतून फिरवून आणाव्या लागतात. त्या येतात, पण कधी एक-दोन मिनिटांनी. आमच्याकडे आयफोन असलेले मोजकेच, आणि तेही मुंबईतून मागण्या नोंदवणारे, त्यामुळे तेवढ्याने कोणाचे काही बिघडले नाही.

ओमेमो या टोकापासून टोकापर्यंतच्या कूटलेखनाविषयी मते टोकाची असतात, म्हणून माझे मत कारणासह देतो. २०१५ मध्ये कॉन्व्हर्सेशन्समध्ये प्रथम आलेली ही पद्धत सिग्नल या ॲपच्याच तत्त्वावर उभी आहे. निरोप फोनवरच कुलूपबंद होतो, सर्व्हरला फक्त न उलगडणारी अक्षरे दिसतात. दोन व्यक्तींच्या खाजगी बोलण्यासाठी हे निःसंशय चालू ठेवावे. परंतु कामाच्या खात्यांसाठी त्याचा एक परिणाम आधी समजून घ्यायला हवा. ज्या फोनसाठी निरोप कुलूपबंद केला त्याच फोनवर तो उघडतो. ‘शेड’ हे खाते पुढच्या हंगामात नव्या फोनवर उघडले तर सर्व्हरवर वर्षभराचा साठा असूनही त्यातील एक अक्षर वाचता येणार नाही. म्हणजे ज्या कारणासाठी आम्ही स्वतःचा सर्व्हर घेतला तेच कारण नाहीसे होते. आम्ही माणसांच्या परस्पर बोलण्यात ओमेमो ठेवले आणि मागण्या, गाडी व हिशोब या तीन खोल्यांत ते बंद केले. त्या खोल्यांतील मजकूर वाटेत टीएलएस या जोडणीच्या कूटलेखनाने झाकलेला असतो, पण सर्व्हरच्या डिस्कवर तो वाचण्याजोग्या स्वरूपात असतो, आणि ज्याच्या हाती त्या यंत्राची किल्ली आहे तो तो वाचू शकतो. हे सगळ्यांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितले. गिऱ्हाइकांचे पत्ते अशा ठिकाणी ठेवायचे तर किल्ली कोणाकडे आणि बॅकअप कुठे, याचा लेखी नियमही हवा. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे आणि लहान गट म्हणून आपण त्याच्या नजरेबाहेर राहू असे धरून चालण्यात शहाणपण नाही.

ॲपवरून आवाजी कॉलची सोय चालते, मात्र त्यासाठी कोटर्न नावाचा आणखी एक सर्व्हर शेजारी बसवावा लागतो. मोबाइल नेटवर्कवरील दोन फोन बहुधा एकमेकांना थेट सापडत नाहीत, त्यांना मध्ये टर्न, म्हणजे आवाज इकडून तिकडे पोहोचवणारा सर्व्हर, हवा असतो, आणि त्यासाठी ३४७८ पोर्टाबरोबर यूडीपी पोर्टांचा बराच मोठा पट्टा फायरवॉलमध्ये उघडावा लागतो. आम्ही बसवला. आवाज चांगला येतो. पण बागेतून बोलायचे झाले की लोक साधा फोनच लावतात, आणि ते बरोबरही आहे.

लोकांनी हे कसे स्वीकारले, याविषयी थोडेसे. तरुणांना काहीच वाटले नाही. गटातील ज्येष्ठ बागायतदारांना मात्र खाते उघडताना फोन नंबर मागितला जात नाही हे संशयास्पद वाटले. ‘नंबर मागणाच नाय, मगे मी कोण ता तेका कळतला कसा?’ हा एका काकांचा प्रश्न मला तंत्राच्या दृष्टीने अगदी रास्त वाटतो, कारण त्याचे उत्तर म्हणजेच या व्यवस्थेचा गाभा आहे: तुम्ही कोण हे गट ठरवतो, सिमकार्ड ठरवत नाही. प्रॉसडीत बाहेरच्यांना खाते उघडण्याची मुभा मुळात बंदच असते आणि ती बंदच ठेवावी. सर्व्हर चालवणाऱ्याने निमंत्रणाचा दुवा तयार करून द्यायचा, त्यावरून एकच खाते उघडते. सामायिक संपर्कयादीचे मॉड्यूल चालू केले की नव्या माणसाच्या फोनवर गटातील सगळी नावे आपोआप दिसतात, कोणी कोणाला जोडत बसायला नको. खात्यांची नावे रोमन अक्षरांत आणि दिसणारी नावे देवनागरीत ठेवली. ‘पडेल बाग’, ‘शेड’, ‘गाडी’ ही नावे सगळ्या ॲप्समध्ये शुद्ध दिसली.

बाहेरच्या सर्व्हरांशी बोलण्याची, म्हणजे फेडरेशनची, सोय आम्ही बंद ठेवली. तत्त्व म्हणून ती मला प्रिय आहे, पण वाशीच्या कोणत्याही दलालाचा एक्सएमपीपी पत्ता नाही आणि लवकर असण्याची चिन्हेही नाहीत. त्यामुळे ५२६९ हे पोर्ट बंद राहिले आणि बाहेरून येणाऱ्या नको त्या निरोपांची कटकटही आली नाही.

रोजची देखभाल म्हणाल तर ती फारशी नाही. डेबियनची सुरक्षा अपडेट आपोआप येतात. बॅकअप रात्री दुसऱ्या ठिकाणी जातो, आणि तो परत उभा करून पाहण्याचे काम हंगामाआधी एकदा तरी केलेच पाहिजे. उणीव जाणवली ती व्यवस्थापनासाठी तयार वेबपान नसण्याची. पासवर्ड विसरलेल्याला नवा देणे, गेलेल्या मुलाचे खाते बंद करणे, नवे निमंत्रण काढणे, हे सगळे काळ्या पडद्यावर आज्ञा लिहूनच करावे लागते. १३.० मध्ये या आज्ञा बऱ्याच सोप्या झाल्या आहेत, परंतु शेडच्या मुकादमाला ते काम सोपवता येत नाही. त्याला पासवर्ड हवा तर तो मला फोन करतो, आणि पासवर्ड प्रॉसडीत उलगडता न येणाऱ्या स्वरूपात साठवलेले असल्यामुळे जुना कोणता होता हे मलाही सांगता येत नाही, नवाच द्यावा लागतो. समाजाने लिहिलेली मॉड्यूले पुष्कळ आहेत आणि त्यांतून वेबपानही उभे करता येते, मात्र त्यांचा दर्जा एकसारखा नाही. काही वर्षांपासून हात न लागलेली आहेत. मुख्य सॉफ्टवेअरमध्ये जी काटेकोर शिस्त दिसते ती तिथे गृहीत धरू नये.

हे सगळे वाचून ज्याचा उत्साह कमी झाला असेल त्याने स्निकेट पाहावे. ते प्रॉसडीच्याच मूळ कर्त्यांपैकी एकाने, मॅथ्यू वाइल्ड यांनी सुरू केलेले आहे. आत प्रॉसडीच आहे, पण प्रमाणपत्रे, फोटो, टर्न, निमंत्रणे आणि व्यवस्थापनाचे वेबपान हे सगळे डॉकर या तयार गठ्ठ्यात एकत्र बांधून दिलेले आहे आणि त्याच नावाची ॲप्सही आहेत. कुटुंबासाठी किंवा वाडीतील मंडळासाठी मी तेच सुचवीन. आमच्या गरजेला ते दोन ठिकाणी अपुरे पडले: त्याला स्वतःचे उपडोमेन लागते, आणि खोलीगणिक, खात्यागणिक नियम बदलण्याची जी मोकळीक मूळ प्रॉसडीत आहे ती तिथे मुद्दाम आवळलेली आहे.

खर्चाचा हिशोब सरळ आहे. यंत्राचे भाडे, डोमेनचे वार्षिक शुल्क, आणि ज्यांनी प्ले स्टोअरवरून घेतले त्यांच्या ॲपची किंमत, एवढे मिळून गटाच्या वाट्याला जे आले ते दोन-तीन पेट्यांच्या भावात बसले. चालवणाऱ्याचा वेळ यात धरलेला नाही. तो धरला आणि त्याचे पैसे लावले तर आकडा बदलेल. ज्या गटात लिनक्सच्या काळ्या पडद्याला न घाबरणारा एक माणूस आहे आणि तो आजारी पडला तर किल्ली घेणारा दुसराही आहे, त्या गटाने प्रॉसडी बेलाशक घ्यावा. हे दोघे नसतील तर स्निकेट, आणि एकही नसेल तर सध्या आहे तेच चालू द्यावे. आमच्याकडे दुसरा माणूस तयार करण्याचे काम आता पावसाळ्यात चालू आहे. शेड रिकामी आहे, सर्व्हरवर दिवसाला जेमतेम दहा-बारा निरोप येतात, आणि प्रमाणपत्र बदलणे, बॅकअप परत उभा करणे, खाते बंद करून पुन्हा उघडणे हे सगळे कोणाचा खोळंबा न करता शिकवायला याहून सोयीचे महिने नाहीत.